नसलेल्या पार्टचा इतिहास

सायकलचं डावं पायडल हरवलं तर त्याच्या जागी उजवं बसवता येत नाही. दिसायला दोन्ही सारखी, पण डाव्याचे आटे उलटे असतात आणि ते आवळायचं तर पाना उलट्या दिशेनं फिरवावा लागतो. दोन्हीकडे सरळ आटे ठेवले असते तर पाय मारता मारता डावं पायडल हळूहळू सैल होऊन रस्त्यात गळून पडलं असतं. अंबडच्या कुठल्याही सायकल मिस्त्रीला हे ठाऊक असतं. कुणी शिकवलं असं विचारलं तर तो पुस्तकाचं नाव सांगणार नाही, उस्तादाचं सांगेल.

मग गिऱ्हाईक डावं पायडल हरवून आलं आणि दुकानात फक्त उजवीच शिल्लक असली तर? जुन्या पायडलचा मधला दांडा शाबूत असेल तर मिस्त्री त्यावर भोक पाडलेला लाकडी ठोकळा चढवतो, टोकाला वायसर आणि नट लावतो. दांडाही गेला असेल तर क्रँकच्या भोकात सळईचा तुकडा वेल्डिंगनं पक्का करतो आणि त्यावर ठोकळा बसवतो. खेड्यातून भाजी, दूध घेऊन येणाऱ्या सायकलींवर असे लाकडी पायडल मी लहानपणी इतके पाहिलेत, की ते असेच मिळतात असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

हे अंबड नाशिकचं, जालन्याचं नव्हे. सातपूरच्या पाठोपाठ इथं एमआयडीसी आली, कडेनं सिडकोची घरं उभी राहिली आणि एका अख्ख्या पिढीनं शिफ्टच्या भोंग्यावर सायकल दामटली. माझे अब्बा त्यातलेच. मी मुलांना उर्दू आणि मराठी शिकवतो, पाना धरणं हे माझं काम नाही. तरी या विषयावर लिहायचं बरेच दिवस मनात होतं, त्याला कारण एक शब्द आहे.

'पंक्चरवाला'. समाजमाध्यमांवर हा शब्द गेली काही वर्षं मुसलमानांसाठी शिवीसारखा वापरला जातो. त्याच्या पुढेमागे 'अब्दुल' जोडलं की विनोद पूर्ण होतो. एप्रिल २०२५ मध्ये हिसारच्या सभेत पंतप्रधानांनीही, वक्फच्या मालमत्तांचा प्रामाणिकपणे वापर झाला असता तर मुस्लिम तरुणांना सायकलची पंक्चर काढत आयुष्य घालवावं लागलं नसतं, अशा अर्थाचं विधान केलं. वक्फच्या कारभाराबद्दल माझ्याही तक्रारी आहेत, तो वेगळा विषय. मुलांनी शिकावं, पुढं जावं यातही दुमत नाही. मी बीएड होऊन फळ्यासमोर उभा राहिलो ते त्यासाठीच. पण टीका करणारे आणि कळवळा दाखवणारे दोघंही एक गोष्ट धरून चालतात, की सायकल दुरुस्त करायला अक्कल लागत नाही. माझं म्हणणं त्याबद्दल आहे. (तसं पाहिलं तर महाराष्ट्रातल्या महामार्गांवर टायरची कितीतरी दुकानं केरळच्या माणसांची आहेत आणि आमच्याच रस्त्यावर दोन दुकानं मराठा मुलांची आहेत. शिवीला हिशोब लागत नाही.)

पंक्चर काढणं हा या धंद्यातला सगळ्यात सोपा भाग. ट्यूब पाण्यात धरायची, बुडबुडे बघायचे, कानशीनं घासायचं, सुलोचन लावायचं. सोल्यूशनचं 'सुलोचन' आणि ओव्हरहॉलिंगचं 'ओव्हरऑइलिंग' कुणी केलं कोण जाणे, पण तेल घालायचंच असतं त्यामुळे दुसरा शब्द मूळ शब्दापेक्षा बरा आहे. खरी परीक्षा पार्ट नसतो तेव्हा लागते.

आमच्या भागात एक चाचा आहेत, साठी ओलांडलेले. त्यांच्या दुकानात बसून मी जे पाहिलं ते सांगतो.

क्रँक एक्सलला धरून ठेवते ती कॉटर पिन. करंगळीएवढी, एका अंगानं तासलेली लोखंडी पाचर. ती झिजली की पाय मारताना टक-टक आवाज येतो. नवी नसेल तर तीन सुती बोल्ट घ्यायचा (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, कारखान्यांत मिलिमीटर आले तरी मिस्त्रींच्या तोंडी अजून सूतच आहे), कानशीनं त्याची एक बाजू तासत जायचं. उतार जास्त झाला तर पिन आरपार निघते, कमी झाला तर बसतच नाही. दोन्ही बाजूंच्या पिना एकाच उताराच्या झाल्या नाहीत तर दोन्ही क्रँक एका रेषेत येत नाहीत आणि सायकल लंगडत चालते. बाजारातला साधा बोल्ट मऊ असतो, तो महिना-दोन महिन्यांत दबतो. चाचा हे गिऱ्हाइकाला आधीच सांगतात. तात्पुरतं काम आणि पक्कं काम यांचे दर त्यांच्याकडे वेगळे आहेत, आणि कोणतं काम कोणतं हे ते लपवत नाहीत.

टायर फाटला की आतून जुन्या टायरचा तुकडा घालतात, त्याला गेटर म्हणतात. तुकड्याच्या कडा धारदार सुरीनं तिरक्या छिलाव्या लागतात, नाहीतर तीच कड ट्यूब कापते. ब्रेकचं रबर ट्रकच्या टायरमधून कापून निघतं. फ्रीव्हीलमधले कुत्रे, म्हणजे दात्यांत अडकणारे छोटे खटके, मळ साचून चिकटले की पायडल नुसतंच फिरतं, मग रॉकेल ओतून ते मोकळे करायचे. कुत्र्यांची स्प्रिंगच तुटली असेल आणि गिऱ्हाइकाला दहा किलोमीटर घरी जायचं असेल तर फ्रीव्हील तारेनं स्पोकला बांधून टाकायचं. मग पाय थांबवता येत नाहीत, उतारावरही मारत राहावे लागतात, पण घर येतं. पुढच्या चाकाला ३२ स्पोक आणि मागच्याला ४०. एखादा तुटला आणि त्या मापाचा नसला तर लांब स्पोक वाकवून अडकवतात आणि आजूबाजूचे कमी-जास्त आवळून चाकाचा आऊट काढतात. यातलं काही शंभर टक्के नसतं.

सगळ्यात विचार करायला लावणारी गोष्ट छर्र्यांची. मागच्या चाकाच्या हबमध्ये दोन्ही बाजूंना नऊ-नऊ छर्रे असतात, पाव इंची, म्हणजे दोन सुती. पुढच्या चाकाला दीड सुती, फ्रीव्हीलमध्ये एक सुती. समजा नवातला एक फुटला. माझ्यासारखा माणूस म्हणेल, एक नवा टाका. चाचा म्हणाले, "नाही सर, तसं केलं तर तो एकटाच मरतो." जुने आठ केसभर झिजलेले असतात. त्यांच्यात नवा घातला तर तो केसभर मोठा राहतो, सगळा भार त्याच्यावर येतो, मग तोही फुटतो आणि जाताना कोनला खड्डा पाडून जातो. शहाणपणाचं काम म्हणजे नऊच्या नऊ बदलणं. तेवढे पैसे नसतील तर? चाचांकडे बिस्किटाचा पत्र्याचा डबा आहे, त्यात झिजलेले छर्रे आहेत. ते दोन बोटांत धरून फिरवतात आणि जुन्या आठांइतकाच झिजलेला नववा शोधतात. हा पार्ट जगातल्या कुठल्याही दुकानात विकत मिळत नाही.

आता थोडं मागं जाऊ.

आपल्याकडची काळी, सळीच्या ब्रेकची सायकल मूळची इंग्रजी. १८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीनं 'रोव्हर' काढली. दोन सारखी चाकं आणि चेन असलेली ही सायकल आजच्या सायकलीची आजी म्हणता येईल. तीन वर्षांनी बेलफास्टमध्ये डनलॉपनं हवेचा टायर आणला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रॅले, बीएसए, हंबर, रज अशी नावं हिंदुस्थानात दिसू लागली. आधी साहेब, मग पोस्टमन, पोलीस, शाळामास्तर, कारकून. सायकल बोटीनं मुंबईला उतरायची आणि रेल्वेनं मोफसलमध्ये जायची. पण तिच्या पाठोपाठ प्रत्येक कोन, प्रत्येक कॉटर पिन गावोगाव कोण पोचवणार? पार्ट बर्मिंगहॅमला आणि मोडलेली सायकल सिन्नरला, ही अडचण पहिल्या दिवसापासूनची आहे.

इतिहासकार डेव्हिड अर्नॉल्ड यांचं 'एव्हरीडे टेक्नॉलॉजी' नावाचं पुस्तक २०१३ मध्ये आलं. सायकल, शिलाई मशीन, टाइपरायटर आणि भातगिरणी या छोट्या यंत्रांनी हिंदुस्थान कसा बदलला, असा त्याचा विषय. रेल्वे आणि धरणं सरकारनं आणली, ही यंत्रं मात्र लोकांनी स्वतः घरात आणली आणि वापरता वापरता, दुरुस्त करता करता आपलीशी केली. मला त्यातलं दुरुस्तीवालं टोक महत्त्वाचं वाटतं. विलायती सायकल देशी झाली ती कारखान्यात नव्हे, लोहाराच्या ऐरणीवर.

पण ऐरणीवर कोन बनवणं सोपं नव्हतं. लेथवर सळई फिरवून आकार देता येतो, आजही अंबडच्या छोट्या शेडमध्ये कुणीतरी ओळखीचा ऑपरेटर दुपारच्या सुट्टीत तो देतो. पण साधं मऊ लोखंड लाल करून कितीही वेळा पाणी द्या, ते कडक होत नाही. त्यात कार्बन कमी असतो. त्यासाठी तो तुकडा कोळशाच्या किंवा जळक्या चामड्या-हाडांच्या भुकटीत बंद करून तासन्‌तास तापवावा लागतो, म्हणजे वरच्या थरात कार्बन शिरतो आणि मग पाणी दिल्यावर कातडं टणक, गाभा चिवट असा पार्ट तयार होतो. कारखान्यात याला केस हार्डनिंग म्हणतात. हत्यारं बनवणाऱ्यांना ही विद्या कारखान्यांच्या कितीतरी आधीपासून येत होती.

इथं जपानचं उदाहरण द्यायला हवं. ओसाकाजवळ साकाई नावाचं शहर आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर बंदुका जपानला पोचल्या, तेव्हा साकाईचे लोहार बंदुका बनवू लागले. चाकू-सुऱ्यांसाठी तर ते आजही प्रसिद्ध आहे. पुढं परदेशी सायकली आल्या. बंदुकीची नळी घडवणाऱ्याला सायकलची नळी परकी नव्हती. ते दुरुस्ती करू लागले, मग पार्ट करू लागले. १९२१ मध्ये शोझाबुरो शिमानोनं तिथंच एक लहानसं वर्कशॉप काढलं आणि पहिला माल बनवला तो फ्रीव्हील. आज जगभरच्या महागड्या सायकलींवर ज्या शिमानोचे गिअर असतात, ती ही कंपनी.

अमेरिकन लेखिका जेन जेकब्स यांनी १९६९ च्या 'द इकॉनॉमी ऑफ सिटीज' या पुस्तकात तोकियोबद्दल हेच लिहिलंय. आयात सायकली मोडू लागल्या, मूळ पार्ट महाग पडत होते. दुरुस्तीवाल्यांच्या लक्षात आलं की पार्ट आपणच बनवणं परवडतं. एकानं एक पार्ट धरला, दुसऱ्यानं दुसरा. अशी दुकानं जवळजवळ होती, त्यामुळे काही काळानं सगळी मिळून जवळपास आख्खी सायकल बनवू लागली. मग जुळवणी करणारे व्यापारी आले. कुणी परदेशातून मोठा कारखाना उचलून आणला नाही. म्हणजे आधी दुरुस्ती, मग पार्ट, मग सायकल.

वाचताना मला आपले शिकलगार आठवले. 'सैकल' हा अरबी शब्द, अर्थ झिलई, धार. 'गर' फारसी, करणारा. तलवारींना धार लावणारे ते शिकलगार. तलवारी गेल्यावर त्यांच्या नशिबी विळे-कात्र्या आल्या. साकाईच्या आणि आपल्या कारागिरांत हुन्नर कमी-जास्त नव्हता. साकाईत मात्र एका पार्टसाठी दहा शेजारी होते, गिऱ्हाईक होतं, भांडवल होतं आणि त्यांचं सरकार त्यांचं होतं.

तिसाच्या दशकात जपानी सायकली आणि पार्ट स्वस्तात हिंदुस्थानात येऊ लागले, इंग्रजी मालाच्या पोटात दुखलं. मग युद्ध. डिसेंबर १९४१ मध्ये जपानी सैन्य मलायात उतरलं आणि हजारो सैनिक सायकलींवरून सिंगापूरकडे निघाले. मलायात आधीपासून जपानी सायकली विकल्या जात होत्या, त्यामुळे गावोगाव पार्ट मिळत गेले आणि तुकड्यांबरोबर दुरुस्ती करणारी माणसं होतीच. उन्हानं टायर फुटले तेव्हा सैनिकांनी ते काढून टाकले आणि नुसत्या रिमवर सायकली हाकल्या. रात्री तो खणखणाट ऐकून समोरच्यांना रणगाडे आले असं वाटायचं.

फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडलं, मागोमाग डच ईस्ट इंडिजही गेलं आणि जगातलं बहुतेक नैसर्गिक रबर जपानच्या ताब्यात आलं. हिंदुस्थानात जे रबर होतं त्यावर पहिला हक्क लष्कराचा. आमचे दादाजान सांगायचे, त्या वर्षांत टायर चांभाराकडे नेऊन मेणाच्या दोऱ्यानं शिवून आणत. ट्यूब हाताबाहेर गेली तर टायरमध्ये गवत, चिंध्या कोंबून सायकल चालवत. आणि वालट्यूब! व्हॉल्व्हवरची ती वीतभरही नसलेली रबरी नळी मिळेना, म्हणून बाळंतिणीच्या घरी दुधाच्या बाटलीचं जुनं बूच मागायला लोक जायचे, त्याच्या चिंचोळ्या पट्ट्या कापून गुंडाळायला. दादाजान ही गोष्ट हसून सांगत. दादीजान हसत नसत, बाटलीचं बूचही तेव्हा मिळत नव्हतं.

युद्ध संपलं, देश स्वतंत्र झाला, देशाची फाळणी झाली. सायकलीच्या इतिहासातला मला सगळ्यात जवळचा वाटणारा प्रसंग या काळातला आहे.

मुंजाल कुटुंब मूळचं कमालियाचं. हे गाव आज पाकिस्तानात टोबा टेक सिंग जिल्ह्यात येतं. मंटोमुळे हा जिल्हा उर्दू वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. चार भाऊ अमृतसरला आणि मग लुधियानाला आले आणि सायकलचे पार्ट विकू लागले. आयात माल आटलेला, फाळणीनं कारागीर इकडचे तिकडे झालेले. ज्या पंजाबात लोखंडकामातले कितीतरी हात मुसलमान होते, तिथले ते हात सरहद्दीपार गेले. राहिलेल्या रामगढिया शीख मिस्त्रींच्या छोट्या वर्कशॉपमध्ये एकेक पार्ट बनू लागला. तोकियोत झालं तेच इथं झालं. मुंजालांनी आधी पार्ट विकले, मग चिमटा, म्हणजे फोर्क, हँडल असे पार्ट बनवायला घेतले आणि १९५६ मध्ये पूर्ण सायकल काढली. १९८६ मध्ये जगातली सर्वांत मोठी सायकल उत्पादक कंपनी म्हणून त्यांचं नाव गिनीज बुकात गेलं.

कंपनीचं नाव हीरो. हे नाव कुठून आलं? याच घरातले सुनील कांत मुंजाल यांनी 'द मेकिंग ऑफ हीरो' या पुस्तकात ते सांगितलंय. करीम दीन नावाचे एक कारागीर सायकलच्या सीट बनवत आणि आपल्या मालावर स्वतःचं नाव टाकत. फाळणीच्या वेळी ते पाकिस्तानात निघाले तेव्हा ओमप्रकाश मुंजाल यांनी त्यांना विचारलं, हे नाव आम्ही वापरलं तर चालेल का? करीम दीन यांनी मान डोलावली. ते नाव 'हीरो' होतं.

भारतातल्या किती गावांत, किती चिखलात, किती शाळांच्या फाटकाशी हे नाव उभं राहिलं असेल. सरकारी योजनेत आमच्या विद्यार्थिनींना सायकली मिळतात तेव्हा नळीवरचं नाव मी पहिल्यांदा वाचतो, जुनी खोड आहे. करीम दीन यांचं पुढं काय झालं, ते त्या नव्या मुलखात सीट बनवत राहिले का, याचा विचार मनात येतो. मुंजालांनी ही गोष्ट लपवली नाही, स्वतःच्या घराच्या इतिहासात लिहिली, याबद्दल त्यांना मानलं पाहिजे.

महाराष्ट्राच्या वाट्याला असं लुधियाना आलं नाही. मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना होता. तो डबघाईला आल्यावर १९८० मध्ये सरकारनं ताब्यात घेतला, नॅशनल बायसिकल कॉर्पोरेशन असं नाव दिलं, आणि पुढं तोही बंद पडला. आपल्याकडे सायकल चालवणारे अमाप, दुरुस्त करणारे भरपूर, पण पार्ट लुधियानाचा. आणि अंबड-सातपूरच्या लेथवर तयार होत होते ते मोटारीचे आणि इंजिनांचे पार्ट. ज्या कामगारानं दिवसभर मायक्रॉनच्या मापानं मोटारीचा पार्ट घासला, तो संध्याकाळी स्वतःच्या सायकलीला पत्र्याची चकती घालून घरी जात होता. अब्बांच्या सायकलीचा सैल क्रँक मी असा पत्रा घालून घट्ट केलेला पाहिलाय. पत्रा डालड्याच्या डब्याचा होता, पिवळा रंग बाहेर डोकावायचा.

आता एक भाषेची गोष्ट, ती सांगितल्याशिवाय माझ्यासारख्याला राहवत नाही. मराठीत आपण 'कसब' म्हणतो, म्हणजे हातातलं कौशल्य. मूळ अरबी 'कस्ब', आणि त्याचा अर्थ कमाई, रोजी मिळवणं. उर्दूत अजूनही तो अर्थ जिवंत आहे. एकोणिसाव्या-विसाव्या शतकात कारागिरांसाठी उर्दूत छोट्या स्वस्त पुस्तिका छापल्या जात, त्यांना कसबनामा म्हणत. त्यात धंद्याची कृती असे, दुवा असत आणि आपला धंदा कुठल्या पैगंबरापासून सुरू झाला याची परंपराही असे. लोहारांची परंपरा हजरत दाऊदपर्यंत जाते, कारण त्यांच्या हातात लोखंड मऊ होत असे असं कुरआनात आलंय. म्हणजे भट्टीसमोर बसलेल्या माणसाला सांगितलं जात होतं, की तुझं काम पैगंबराचं काम आहे. त्या पुस्तिका आता फारशा दिसत नाहीत. 'दुरुस्त' फारसी, 'मरम्मत' अरबी, 'कारागीर' फारसी, 'मिस्त्री' पोर्तुगीज 'मेस्त्र'पासून आलेला, 'ठिगळ' अस्सल मराठी. आमच्या चाचांच्या दुकानात हे सगळे शब्द एका दुपारीत ऐकू येतात. उर्दूत ठिगळाला 'पैवंद' म्हणतात आणि झाडाच्या कलमालाही पैवंदच म्हणतात.

सच्चर समितीनं २००६ मध्ये दाखवून दिलं, की मुसलमान कामकरी पगारी नोकरीत कमी आणि स्वतःच्या छोट्या धंद्यात जास्त आहेत. याचा अर्थ ते धंद्याच्या हौसेनं तिथं गेले असा होत नाही. कितीतरी जण दुसरं दार उघडलं नाही म्हणून गेले. चाचाही आयटीआयच्या दारापर्यंत जाऊन परतलेले. पण जिथं गेले तिथं त्यांनी हातात जे आणलं, त्याला मोल नाही असं कसं म्हणायचं? विमान बनवण्याआधी राइट बंधू डेटनमध्ये सायकली दुरुस्त करत होते. १९०३ चं त्यांचं विमान सायकलीसारख्या चेन आणि चक्रांवर पंखे फिरवत उडालं. त्यांच्या चरित्रात सायकलचं दुकान अभिमानानं येतं.

चाचांचा डबा भरायचा तो अंबड लिंक रोडच्या भंगार बाजारातून. कारखान्यांचं टाकाऊ, मोडलेल्या मोटारींच्या बेअरिंगा, सळया, पत्रे, जुन्या सायकलींचे सांगाडे, सगळं तिथं येत होतं. पाव इंची छर्रे हवेत तर जुनी बेअरिंग फोडायची. नळी तुटली तर आत बसेल अशा मापाचा पाइपाचा तुकडा शोधायचा आणि वरून पितळी टाका मारायचा. विकणारे बहुतेक मुसलमान, बरेचसे उत्तरेकडून आलेले. शेतकरीही तिथून चाकं न्यायचे, सायकल कोळप्यासाठी. हे कोळपं आज महाराष्ट्रात सर्वत्र दिसतं; शेंदुर्णीच्या गोपाळ भिसे यांनी बैल परवडत नाहीत म्हणून सायकलचं चाक आणि हँडल वापरून ते बनवलं आणि नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशननं त्यांची दखल घेतली.

जानेवारी २०१७ मध्ये, कोर्टकचेरीनंतर, महापालिकेनं मोठ्या पोलीस बंदोबस्तात हा बाजार पाडला. हळूहळू तो पुन्हा उभा राहिला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा पाडला गेला. बाजार अनधिकृत होता हे खरं. आगी लागत, धूर होई, आजूबाजूच्या रहिवाशांची तक्रार खोटी नव्हती. मी तिथला रहिवासी असतो तर मीही सही केली असती. तरीही जेसीबीखाली जे गेलं त्याची यादी कुणी केली नाही, आणि दुरुस्ती करणाऱ्यांना त्यांचा कच्चा माल आता कुठं मिळेल, हा प्रश्न त्या सगळ्या बातम्यांत मला कुठं दिसला नाही. हेच नाशिक आता सायकलपटूंचं शहर म्हणून ओळखलं जातं. २०१५ मध्ये इथल्या महाजन बंधूंनी, हितेंद्र आणि महेंद्र या डॉक्टर भावांनी, अमेरिका सायकलवर पार करण्याची शर्यत दोघांच्या संघात पूर्ण केली, तेव्हा शाळेत आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या.

चाचांकडे आता काळ्या सायकली आठवड्याला दोन-तीन येतात. बाकी मुलांच्या गिअरवाल्या. त्यांना कॉटर पिन नसते आणि काहींची बेअरिंग बंद डबीसारखी असते, ती उघडायची नसते, फेकून नवी टाकायची असते. चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारा डिरेलर मोडला की नवा घ्यायला पालक तयार नसतात. मग चाचा तो काढून टाकतात, चेनच्या काही कड्या कमी करतात आणि मधल्या एका चक्रावर ती कायमची बसवून देतात. मुलगा हिरमुसतो, सायकल चालते. काढलेले डिरेलर ते तारेत ओवून दुकानाच्या मागच्या भिंतीवर टांगतात. मी परवा मोजले तेव्हा अकरा होते, त्यातल्या दोघांच्या स्प्रिंगा काढून झालेल्या होत्या.